राहीच्या गालावरचा तीळ

१२ नोव्हेंबर २०२४, मंगळवार. पाणी पावणेसातला आलं. तुळसा लांज्याला गेली, भांडी मीच घासली. अकरा वाजता प्रोग्रॅम चालला. राहीच्या फोटोवरचे डाग गेले.

एवढं लिहून कमलाकाकूंनी पेनाला टोपण लावलं. शहात्तराव्या वर्षी त्या प्रोग्रॅमिंग शिकायला बसल्या होत्या, त्या या एका फोटोसाठी. राही त्यांची एकुलती एक मुलगी. एकोणीसशे शहात्तर साली, चार वर्षांची असताना गेली. तिचा फोटो तेवढा एकच. रत्नागिरीच्या दमट हवेत त्यावर बुरशीचे काळे ठिपके उठले आणि तो काचेला चिकटला. स्टुडिओवाल्याने काचेसकट स्कॅन करून दिला. नंतर काकू काच सोडवायला गेल्या, तर चेहराच काचेबरोबर निघून आला. यजमान, हरिहर, गेले त्याच वर्षीची ही गोष्ट.

शेजारची भार्गवी कॉलेजात कॉम्प्युटर शिकवायची. फोटो म्हणजे नुसते आकडे, तिने सांगितलं; काळ्याला शून्य, पांढऱ्याला दोनशे पंचावन्न, ओळींत आणि रकान्यांत मांडलेले. ठिपका घालवायचा तर प्रत्येक जागी आजूबाजूचे आकडे चढत्या क्रमाने लावायचे आणि मधला घ्यायचा. एकटा काळा आकडा कधी मध्ये येत नाही. काकूंनी चौकटीच्या वहीत हाताने करून पाहिलं.

"माझ्या वर्गातल्या पोरांना हे तीनदा सांगावं लागतं," भार्गवी म्हणाली होती, "आणि त्यांचं अक्षर बघवत नाही ते वेगळंच."

दुपारी ती आली तेव्हा काकू पडद्याकडे एकटक बघत होत्या. चेहरा स्वच्छ झाला होता, गुळगुळीत. आणि उजव्या गालावरचा तीळ नव्हता. बुरशी कुठली आणि तीळ कुठला, हे प्रोग्रॅमला काय कळणार. भार्गवीने मूळ फाइल मागितली.

"हीच ती. त्याच नावाने ठेवली."

"आणि जुनी?"

"शुद्ध प्रत झाली की कच्ची फाडायची, असं कॉन्व्हेंटात सिस्टरनी शिकवलं. जन्मभर तेच करत आल्ये."

स्टुडिओ तर कधीच बंद पडला होता. भार्गवीने गालाचा भाग मोठा करून पाहिला. मग म्हणाली, तीळ परत घालता येईल, चार आकडे काळे करायचे फक्त.

"कुठल्या ओळीत, कुठल्या रकान्यात, तेवढं दाखवा."

काकूंनी पडद्यावर बोट ठेवलं. डोळ्याखाली. की जरा कानाकडे? बोट गालावर फिरत राहिलं, टेकेना. मग त्या उठल्या आणि कपाटातून शहात्तर सालची डायरी काढून आणली. दूध अर्धा लिटर. ताप एकशे तीन. डॉक्टर आले ती वेळ, राही गेली ती वेळ, मिनिटासकट. पान न् पान चाळलं. तीळ कुठेच नव्हता. रोज डोळ्यांसमोर असलेलं कोण लिहून ठेवतं?

"अंदाजाने घालू, काकू?"

"नको गो. तो मी घातलेला तीळ होईल. तिचा नाही."

भार्गवी गेल्यावर काकूंनी कॉम्प्युटर बंद केला. संध्याकाळी दिवा लावून त्या डायरी घेऊन बसल्या. फोटोबद्दल काही लिहिलं नाही. सकाळच्या मजकुराखाली एकच ओळ घातली: गॅस संपला, नवा सिलिंडर लावला.