काकाचं सुतक

हे मी आजवर कुणाजवळ बोललेलो नाही. तुम्हाला तरी सांगावं की नाही – पण आता बसलाच आहात, तर ऐका.

पन्नासएक वर्षांपूर्वी कॅल्गरीत आमचा एक रॉक अँड रोल बँड होता. चार मराठी इंजिनिअर, दिलीपचं बेसमेंट आणि नाव 'द चिवडा बॉइज'. हसा, आम्हीही हसायचो. दिलीप गायचा, आणि खरंच फक्कड गायचा. मी गिटार वाजवायचो – माझ्या काकाने मिरजेतल्या कारागिराकडून करून घेतलेली. वडील लवकर गेले, मला वाढवलं ते या काकाने. एकुलता एक काका. मित्रांना त्याच्या गोष्टी ऐकून ऐकून पाठ झाल्या होत्या.

गणपतीत, ऑफिसच्या पार्ट्यांत वाजवता वाजवता एकदा शहरातल्या मोठ्या डान्स हॉलचं बोलावणं आलं. दिलीप आनंदाने वेडा झाला. आणि मी? माझी बोटं गार पडली. त्या गोऱ्या गर्दीसमोर सोलो वाजवायचा होता, आणि तो मला बेसमेंटमध्येही धड जमत नव्हता. तसं सांगता आलं असतं ना? नाही सांगितलं. आदल्या दिवशी दिलीपला फोन केला आणि म्हटलं – काका गेला, मला सुतक आहे.

सुतकापुढे कोण काय बोलणार? कार्यक्रम रद्द झाला. मी दाढी वाढवून घरात बसलो. दिलीपची बायको पिठलं-भात आणून द्यायची, तो मी खायचो. हॉलवाल्यांनी पुन्हा विचारलं नाही. त्या हिवाळ्यात ड्रमर एडमंटनला गेला आणि बँड संपला.

काका मात्र मिरजेत ठणठणीत होता.

दिलीप अजून प्रत्येक पॉटलकला, घरोघरचे डबे एकत्र जमले की, म्हणतो, "अरे, याचा काका त्या वीकेंडला गेला नसता ना, तर वी वुड हॅव बीन फेमस." रागाने नाही, माझ्या पाठीवर हात ठेवून. मी मान खाली घालतो. दुसरं काय करू?

आणि काका? तो वर्षानुवर्षं विचारत राहिला – एकदा येऊ का तुझ्याकडे, बर्फ बघेन, तुझी गिटार ऐकेन. मेलेल्या माणसाला मी कॅल्गरीत कसा आणणार होतो? थंडी बाधेल, गुडघे धरतील, व्हिसा मिळत नाही – काय वाट्टेल ते सांगितलं. मी लग्न न करता एकटाच राहिलो, त्यामुळे घरातून बोभाटा व्हायची भीती नव्हती. पुढे त्याने विचारणं सोडलं. मला हायसं वाटलं. हायसं – याची सगळ्यात जास्त लाज वाटते.

मग तो खरोखर गेला. सकाळी मिरजेहून फोन आला, आणि दुपारी दिलीपच्या नातीचं बारसं होतं. मला सुतक होतं, आता खरंखुरं. सांगणार कुणाला, आणि कोणत्या तोंडाने? दाढी केली, इस्त्रीचा सदरा घातला आणि गेलो. गिटार आण, असं दिलीपने आधीच बजावलं होतं. पाळण्याशी बसून मी ती वाजवली. सोलोसुद्धा. बोटं कुठेही चुकली नाहीत. बायकांनी बाळ माझ्या मांडीवर दिलं, ते मी घेतलं. मग दिलीपने पेढा पुढे केला, आणि मी तो खाल्ला.