शाळा सोडण्याचे कारण

परंड्याच्या बांधकाम उपविभागात मथुराबाई ओव्हरसियर म्हणून आल्या तेव्हा कामांचे ठेके घेणाऱ्या गुत्तेदारांनी आधी हसून घेतलं, आणि महिनाभरात हसणं आवरतं घेतलं. बाई एसटीनं यायच्या, फाट्यावर उतरून कामापर्यंत चालत जायच्या. भिंतीला ओळंबा लावला की तो डुलायचा थांबेपर्यंत कुणाशी बोलायच्या नाहीत. बंडप्पा गुत्तेदार म्हणायचा, "बाई भिंत मोजत न्हाइत, भिंतीची नाडी बघत्यात." चहाला त्या नाही म्हणायच्या. पाणी मात्र मागून घ्यायच्या, आणि ते कुठल्या भांड्यातून येतं हे नीट पाहायच्या.

एवढं सगळ्यांना ठाऊक होतं. ठाऊक नव्हतं ते हे, की चौदा वर्षांपासून बाईंना एका माणसाचं वाईट झालेलं पाहायचं होतं. देवाच्या हातून नव्हे, आपल्या हातून. तो माणूस म्हणजे त्यांच्याच गावच्या हायस्कुलाचे मुख्याध्यापक, आबाराव सर.

बाहत्तरच्या उन्हाळ्यात मथुरा आठवी पास झाली होती. विहिरींचे तळ दिसत होते, आणि अर्धं गाव पाझर तलावाच्या कामावर होतं. तिची आई गजराबाई टोपलं उचलायची, मथुरा तिच्या मागं. शनिवारी ओव्हरसियर टेप घेऊन यायचा, प्रत्येक टोळीनं खणलेल्या चौकडीची लांबी, रुंदी, खोली मोजायचा आणि आकडा वहीत टाकायचा. एका शनिवारी मथुरेनं तोंडी गुणाकार करून सांगितलं, की साहेब, आमची चौकडी पंधरा घनफूट कमी धरली. ओव्हरसियरनं पुन्हा मोजलं. पोरीचं बरोबर होतं. तो चिडला नाही. टेपचं एक टोक तिच्या हातात देत म्हणाला, "धर. नीट ताण."

त्या दिवसानंतर मथुरेला दुसरं काही व्हायचं नव्हतं. त्यासाठी काय लागतं तेही तिनं त्यालाच विचारून घेतलं. मॅट्रिकला बीजगणित-भूमिती आणि विज्ञान पाहिजे, मग सोलापूरला तीन वर्षांची पदविका.

त्या काळी मॅट्रिक अकरावीला असे आणि तिचे विषय नववीतच ठरत. एका बाजूला बीजगणित-भूमिती, दुसऱ्या बाजूला साधं अंकगणित. पहिलं घेतलं की शास्त्र, तंत्र, शेतकी, सगळीकडं जाता येई. दुसऱ्यानं मॅट्रिक पास होता येई, एवढंच. जूनमध्ये शाळा उघडली. आबाराव सरांनी फळ्याच्या मधोमध रेघ मारली आणि दोन्ही बाजूंना नावं लिहीत गेले. कुणाला काही विचारलं नाही. मथुरेचं नाव अंकगणिताच्या बाजूला आलं, त्यापुढं गृहशास्त्र. ती उभी राहिली आणि म्हणाली, मला ओव्हरसियर व्हायचंय.

सरांनी खडू खाली ठेवला. "तुझी आई टोपलं उचलते ना तळ्यावर?"

"व्हय, सर."

"तिला बीजगणित येतं?"

वर्ग हसला. सर हसले नाहीत. त्यांना ते विनोदानं म्हणायचंच नव्हतं. "मग तुझं काय अडलंय त्याच्यावाचून? बस."

मथुरा बसली नाही. पुस्तकं छातीशी धरून ती दाराबाहेर पडली ती थेट तळ्यावर गेली. गजराबाईनं तिला आधी मारलं, मग समजावलं, मग शेजारणीकडून समजावून पाहिलं. अंकगणित तर अंकगणित, मॅट्रिक तर होशील. पण जी मॅट्रिक तिला हवं तिथं नेत नव्हती ती मथुरेला नको होती. तीन वर्षं तिनं माती वाहिली, आणि जुनी बीजगणिताची पुस्तकं मिळतील तिथून आणून एकटीनं सोडवली. राग आणि गणित, दोन्ही तिनं एकाच वेळी शिकून घेतलं.

मग पंचाहत्तर साली अभ्यासक्रमच बदलला. अकरावीची मॅट्रिक गेली, दहावी आली, आणि दहावीला गणित-विज्ञान सगळ्यांनाच सक्तीचं झालं. फळ्यावर रेघ मारायचा कुणाला अधिकार उरला नाही. शाळा सुटलेल्यांना बाहेरून बसायचं तर सतरा नंबरचा फॉर्म भरावा लागे, आणि त्याला जोडायला लागे शाळा सोडल्याचा दाखला.

सरांनी तिला त्या दाखल्यासाठी अकरा दिवस हेलपाटे घालायला लावले. कधी शिक्का सापडत नव्हता, कधी कारकून रजेवर होता. बाराव्या दिवशी कागद हातात पडला. त्यात एक रकाना असतो, शाळा सोडण्याचे कारण. त्यात सगळ्यांच्या दाखल्यावर एकच ठरलेलं वाक्य असतं, पालकांच्या विनंतीवरून. मथुरेच्या रकान्यात लिहिलं होतं, अभ्यास न झेपल्याने.

तिनं विचारलं, असं का लिहिलं. सर म्हणाले, जनरल रजिस्टरात असतं तेच दाखल्यात येतं, आणि त्यांनी रजिस्टर फिरवून तिच्यापुढं धरलं. तिच्या नावापुढची शाई अजून ओली होती.

दहावीला तिला गणितात शंभरपैकी एक्याण्णव मिळाले. सोलापूरच्या तंत्रनिकेतनात प्रवेशाच्या रांगेत कारकुनानं गुणपत्रिका पाहिली, मग दाखला पाहिला, आणि शेजारच्याला मोठ्यानं वाचून दाखवला. रांग खुदखुदली. पुढं जिल्हा परिषदेत नेमणूक झाली तेव्हा कागदपत्रांच्या पडताळणीत तेच झालं. नोकरी कायम होताना पुन्हा तेच. माणसं हसून विसरून जात. मथुराबाई प्रत्येक वेळी कागद घडी घालून पिशवीत ठेवत, आणि मनात आबाराव सरांना आणखी एका पायरीनं खाली उतरवत. त्या कुणाला काही बोलल्या नाहीत. रागाला त्यांनी कधी ओल लागू दिली नाही. तो कोरडा ठेवला म्हणून टिकला.

शहाऐंशीच्या मार्चमध्ये त्यांच्या टेबलावर एक फाईल आली. गावच्या हायस्कुलात तांत्रिक शाखा सुरू व्हायची होती. आठवीपासून सुतारकाम, लोहारकाम, यंत्रचित्र. कार्यशाळेची शेड बांधून झाली होती. ओव्हरसियरचा पूर्णत्वाचा दाखला मिळाला की शाखेला मान्यता. सर मे महिन्यात निवृत्त होणार होते. गावानं सत्काराची तयारी चालवली होती आणि शेडवर सरांच्या नावाची फरशी बसणार होती.

मथुराबाईंना त्या दिवशी जेवण गेलं नाही. आनंदानं.

शेड त्यांनी चार तास तपासली. पाया उकरून पाहिला, विटांचे थर मोजले, दारांवरचे लिंटेल ठोकून पाहिले. शेवटी ओळंबा लावला आणि थांबल्या. ओळंबा स्थिर झाला. दोरा आणि भिंत यांच्यात वरपासून खालपर्यंत एकसारखं अंतर होतं. दुसरी भिंत तशीच. चारी भिंती तशाच. काम गोरोबा गवंड्याचं होतं, बाईंच्याच वस्तीतला, आणि तो हात पुसत बाजूला उभा होता. त्याच्या डोळ्यांत एवढंच होतं की आपल्या माणसानं आपलं काम पाहिलं.

शाळेचा दाखला हातात पडला त्या दिवशीही आला नव्हता इतका राग मथुराबाईंना आता आला. या माणसानं एक वाकडी भिंतसुद्धा आपल्याला दिली नाही. खोटा शेरा मारणं हातात होतं. पण त्यात गोरोबा गेला असता, आणि ज्या टेपच्या जोरावर त्या इथवर आल्या होत्या तो टेपही. त्या न बोलता वहीत आकडे लिहीत राहिल्या.

त्यांचं गप्प राहणं सरांनी वेगळंच वाचलं. आठ दिवसांपासून, कोण तपासायला येणार हे कळल्यापासून, ते धास्तावलेले होते. त्यांनी बाईंना कार्यालयात बोलावलं, खुर्ची स्वतः पुढं केली, कपबशीत चहा मागवला.

"मथुराबाई," सर म्हणाले, "जुनं काही मनात ठेवू नका. माणूस आहे, चुकतो."

बाईंनी कपबशी बाजूला सरकवली. मग सरांनी, कुणी न सांगता, कपाटातून जुनं जनरल रजिस्टर काढलं. पान शोधलं. अभ्यास न झेपल्याने या शब्दांवर आडवी रेघ ओढली आणि वर लिहिलं, पालकांच्या विनंतीवरून. "घ्या. झालं. मिटलं."

विद्यार्थी शाळा सोडून गेला की जनरल रजिस्टरातलं एक अक्षरही शिक्षणाधिकाऱ्यांच्या लेखी परवानगीशिवाय बदलता येत नाही. जन्मतारीख दुरुस्त करायला उस्मानाबादला खेटे घातलेल्या कुठल्याही बापाला हे माहीत असतं. सरांना तर पाठच होतं. हेच सांगून त्यांनी शेकडो माणसं परत पाठवली होती. पण स्वतःच्या शाळेत, स्वतःच्या रजिस्टरात, त्यांचं पेन आजवर कुणी अडवलं नव्हतं.

मथुराबाईंनी पहिल्यांदाच त्यांच्या डोळ्यांत पाहिलं.

"सर, खाली सही करा. आणि आजची तारीख."

सरांनी केली. बाईंनी त्या नोंदीचा उतारा मागितला, शिक्क्यासकट. तोही त्यांनी दिला. मग बाईंनी त्यांच्यासमोरच शेडचा पूर्णत्वाचा दाखला लिहिला, काम नकाशाप्रमाणे व मजबूत आहे, आणि सही केली. सरांचा चेहरा उजळला. बाहेर गुरुजी लोकांना ते सांगत होते, आपल्या शाळेची पोरगी आहे, गुणाची.

सोमवारी बाई उस्मानाबादला शिक्षण विभागात गेल्या आणि उताऱ्यासोबत तक्रारअर्ज दिला. रजिस्टरात विनापरवाना खाडाखोड. गजराबाईला कळलं तेव्हा ती सुपातले दाणे तसेच ठेवून लेकीकडं बघत राहिली. म्हणाली, "अगं, आता तर कागद नीट झालाय. त्यानं हातानं खोडलंय. आता कशाला उकरतीस?"

चौकशी उपशिक्षणाधिकारी मुनवर साहेबांकडं होती. जबाबासाठी बाईंना बोलावलं त्या दिवशी आबाराव सर बाहेरच्या बाकावर बसलेले होते. बाईंना पाहून ते उठले. दाढी वाढली होती.

"मथुराबाई, एवढंच सांगा आत, की ते खोटं होतं. खोटंच होतं. तुमच्यासारखी हुशार मुलगी माझ्या शाळेत झाली नाही. मी जाणूनबुजून लिहिलं ते."

चौदा वर्षं जे ऐकायचं होतं ते बाईंनी ऐकलं. नीट, प्रत्येक शब्द ऐकला. मग त्या आत गेल्या.

मुनवर साहेब शांत, वयस्क गृहस्थ होते. त्यांनी दोन्ही बाजू सांगितल्या. मूळ नोंद चुकीची होती असं बाईंनी लिहून दिलं, तर सरांनी चूकच दुरुस्त केली असं धरता येईल. परवानगी घेतली नाही, त्याची समज देऊ, नोंद रीतसर सुधारून देऊ, विषय संपला. पण मूळ नोंद खरी असेल, तर सरकारी रजिस्टरात खोटं घुसवलं असा अर्थ होतो. मग निलंबन, निवृत्तीला दीड महिना असताना.

"ते म्हणतात, खोटी होती," साहेब म्हणाले. "पण ते म्हणणारच. तुम्ही काय म्हणता त्यावर आहे."

मथुराबाईंनी कागद ओढून घेतला आणि लिहिलं: मला अभ्यास झेपत नव्हता. त्यामुळे मी शाळा सोडली. रजिस्टरातील मूळ नोंद खरी आहे.

खाली सही केली, आणि सवयीनं सहीखाली आपलं कागदोपत्री पदही लिहिलं, कनिष्ठ अभियंता, बांधकाम उपविभाग, परंडा.

मुनवर साहेबांनी ते वाचलं. पुन्हा खालून वर वाचलं. चष्मा काढून टेबलावर ठेवला. "बाई, जरा इचार करा. हे आता कायमचं ऱ्हाईल. आमचा शिक्का पडल्यावर खुद्द तुम्हालाही बदलता येणार न्हाय."

"माहीत आहे, साहेब. शिक्का मारा."

साहेबांनी शिपायाला शाईचा पॅड आणायला सांगितलं.

त्या बाहेर आल्या. सर अजून उभेच होते. त्यांनी विचारलं, काय लिहिलंत.

"तुम्ही लिहिलं होतं तेच," मथुराबाई म्हणाल्या.

सरांना ते लगेच उमगलं नाही. खोडून वर लिहिलेलं तेच, असं वाटून त्यांचा चेहरा क्षणभर सैलावलाही. उमगलं तेव्हा बाई जिना उतरून रस्त्याला लागल्या होत्या.