मागच्या चाकाची जाळी

आमच्या घरात गाडी घ्यायचं ठरलं तेव्हा तिच्यावर मागे कोण बसणार, हे कुणीच विचारलं नाही. मी तर नाहीच. पुढे कोण बसणार एवढंच मला ठाऊक होतं आणि तेवढं मला पुरत होतं.

ही सत्तरच्या दशकातली गोष्ट. घर शुक्रवार पेठेत आणि सुताचं दुकान भवानी पेठेत. दुकान अप्पांचं, म्हणजे वडिलांचं. राबायचा अण्णा, माझा थोरला भाऊ. मी नुकताच बी.कॉम. झालो होतो आणि दुकानात बसून मासिकांतली मोटरसायकलींची चित्रं बघत होतो. आई गेल्यापासून घर वहिनींच्या हातात होतं. त्या अक्कलकोटकडच्या. माहेरी कानडी, सासरी मराठी; रागावल्या की कानडी आणि घाबरल्या तरी कानडी.

अप्पांनी स्कूटरसाठी नंबर लावून ठेवला होता. तेव्हा स्कूटरची वाट बघता बघता माणसाचे केस पिकत. मोटरसायकल लवकर मिळे, म्हणून मी अप्पांच्या मागे भुणभुण लावली. शोरूममध्ये दोन गाड्या उभ्या होत्या. एक साधी, कमी ताकदीची, पोस्टमनलाही चालवता येईल अशी. दुसरी अडीचशे सीसीची, दोन सायलेन्सरची, टाकीत तोंड दिसेल अशी चकचकीत. मी साध्या गाडीकडे बघितलंसुद्धा नाही.

"माल न्यायला ताकद लागते, अप्पा," मी ठोकून दिलं. आमचा माल जन्मभर हातगाडीवरून गेला होता आणि नंतरही हातगाडीवरूनच गेला. पण मला यंत्रातलं कळतं असा घरात एक गैरसमज होता, त्याचा मी फायदा घेतला.

गाडी घरी आली. वहिनींनी चाकांना कुंकू लावलं, विभूती ओढली, नारळ फोडला. आमच्याकडे नव्या गाडीची पहिली फेरी सिद्धेश्वराच्या देवळापर्यंत, आणि तीही घरच्या सवाष्णीला मागे बसवून. वहिनी एका बाजूला पाय सोडून बसल्या, मांडीवर नारळाची वाटी धरली आणि जाता-येता "सावकाश, सावकाश" म्हणत राहिल्या. मागच्या चाकाला डाव्या बाजूनं कंपनीची जाळी होती, साडी चाकात जाऊ नये म्हणून बसवलेली. फेरी सुखरूप झाली. सवाष्ण बसून झाली, आता जाळीचं काम संपलं, असा हिशेब मी डोक्यात केला. आज तो लिहितानाही मला लाज वाटते.

दुसऱ्याच दिवशी मी गाडी उस्तादांकडे नेली. स्टेशनकडच्या रस्त्यावर त्यांचं लहानसं गॅरेज होतं. मी त्यांना हँडल खाली करायला सांगितलं. आरसा काढा, सायलेन्सरच्या आतल्या नळ्या काढा म्हटलं. मग जाळीकडे बोट दाखवलं. तिच्यामुळे गाडी बायकी दिसायची.

उस्तादांनी हातातला पाना खाली ठेवला. "पीछे कौन बैठता?"

"कोई नहीं. मैं अकेलाच."

"गाडी अकेले की नै होती, मियाँ," ते म्हणाले. पण मी हटलो नाही तेव्हा त्यांनी नट सोडले आणि जाळी माझ्या हातात दिली. "फेंको नक्को. घर में रखो."

मी ती घरी आणून परसात टाकली; तिकडे अप्पा-अण्णा कधी फिरकत नसत. चार दिवसांनी बघतो तर वहिनींनी ती भिंतीशी उभी केली होती आणि तिच्यावर जाईचा वेल चढवला होता. मला ते गमतीचं वाटलं. वहिनी हसून म्हणाल्या, "तुमच्या गाडीला नको तर माझ्या जाईला."

वहिनी त्या वेळी शिक्षिकेचा कोर्स करत होत्या. लग्नाआधी एक वर्ष झालं होतं, दुसरं अर्धवट राहिलेलं. अप्पांकडून परवानगी मिळवायला त्यांना तीन वर्षं लागली. शेवटी अप्पा म्हणाले, "एकदा बसू दे. घरात कायबी अडायला नको, कायबी वावगं व्हायला नको." लेखी परीक्षा झाली, पेपर चांगले गेले. उरला होता एकच दिवस. बाहेरून आलेल्या परीक्षकांसमोर वर्गावर पाठ घ्यायचा. त्यांनी विषय घेतला होता 'सुतापासून कापड'. दुकानातून रंगीत सुताचे नमुने आणून त्यांनी मोठा तक्ता केला होता. स्वयंपाक करता करता त्या तव्याला पाठ म्हणून दाखवायच्या. शाळेत नोकरी करायची, एवढीच त्यांची इच्छा होती. त्यांनी घरात दुसरं काही मागितलेलं मला आठवत नाही.

पाठाच्या सकाळी अण्णा केम गावी गेला होता, एका नातेवाइकाकडे. वहिनींनी टांगा सांगून ठेवला होता आणि टांगा वेळेवर दारात आलाही होता. तो मी परत पाठवला. परीक्षेला बाईनं टांग्यातून डुगडुगत जायचं आणि घरात एवढी गाडी असायची, हे मला बघवेना.

"ब्याड, भाऊजी," वहिनी म्हणाल्या. नको म्हणायला त्यांना कानडीच सुचायची. "टांगाच बरा की. अन् त्या चाकाला जाळी न्हाय."

"काही होत नाही हो. पदर खोचा कमरेला. पाच मिनिटांत सोडतो."

त्यांनी पदर खोचला. घट्ट खोचला, मी डोळ्यांनी बघितलं. अंगावर ठेवणीतली इरकली होती. एका हातात तक्त्याची गुंडाळी, दुसऱ्या हातात नमुन्यांची पिशवी. धरायला हातच उरला नव्हता. तेही मी बघितलं होतं.

विजापूर वेशीच्या पुढे हॉटेलाबाहेर माझे दोन मित्र चहा पीत उभे होते. त्यांतला एक ओरडला, "काय बे, बैलगाडी चालवायलायस का?" बस, तेवढंच कारण. मी गाडी पिळली. गाडीनं उडी घेतली, सायलेन्सर फुटल्यासारखे वाजले आणि मागून "यव्वा" असा आवाज आला. इरकलीचा काठ, पायाजवळचा काठ, चाकात गेला होता. साडीनं वहिनींना खाली ओढलं आणि त्यांची टाच तारांत सापडली.

लोक धावले. जवळच्या मागाच्या शेडमधून एक विणकर सुताची कात्री घेऊन आला आणि त्यानं साडी कापून त्यांना सोडवलं. भर रस्त्यात, दिवसाढवळ्या. त्याची बायको "अय्यो अय्यो" करत चादर घेऊन आली आणि तिनं वहिनींना त्यात गुंडाळलं. मी काय करत होतो? मी गाडी उभी करत होतो. ती आडवी पडली होती आणि टाकीला पोचा आला असेल या भीतीनं मी आधी ती उचलली. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

दवाखान्यात नेईपर्यंत वहिनी रडल्या नाहीत. फक्त विचारत होत्या, "किती वाजले?" साडेदहा. "अजून टैम हाय की," त्या म्हणाल्या आणि उठायला लागल्या. टाचेमागची शीर तुटली होती. डॉक्टरांनी त्यांना खांद्याला धरून झोपवलं.

अप्पा दुकानातून तसेच दवाखान्यात आले. पहिलं वाक्य त्यांनी काढलं ते असं, "गाडीत खोट असंल तर आजच इकून टाकतो." मी ते ऐकलं आणि औषधं आणतो म्हणून बाहेर पडलो. औषधं मी आणली, पण आधी घरी गेलो. परसात जाईनं जाळी गच्च धरली होती. वेल उपटला, जाळी धुतली आणि गाडी उस्तादांकडे नेली.

त्यांनी चाकातल्या इरकलीच्या चिंध्या बघितल्या. मग माझ्याकडे बघितलं. "अब लगाके क्या फायदा?" ते म्हणाले आणि एकेक नट आवळत बसले.

संध्याकाळी अण्णा केमहून थेट दवाखान्यात आला. गाडी बाहेर उभी होती. आत येऊन त्यानं बायकोला विचारलं, "जाळी असताना साडी गेली कशी?"

अप्पा म्हणाले, "पदर सोडून बसली असंल. दुसरं काय?"

वहिनींनी माझ्याकडे बघितलं. मी पलंगाच्या लोखंडी दांडीकडे बघत होतो. खोलीत चौघंजण होतो आणि खरं दोघांनाच माहीत होतं. बोलायचं माझं काम होतं.

"व्हय," वहिनी म्हणाल्या, "पदर सुटला माझाच."

घरी आल्यावर त्या परसात गेल्या, सुकलेला वेल गोळा करून टाकला आणि मला एवढंच म्हणाल्या, "मामांनी गाडी इकली असती. तुमाला लई नाद हाय तिचा." सासऱ्यांना त्या मामा म्हणत. मला त्या वेळी हे प्रेम वाटलं आणि मी निवांत झालो. प्रेम होतंच. पण त्यांनी मला चार दिवसांची सवड दिली होती, कायमची सूट नव्हे, एवढं मला कळायला हवं होतं.

पाय बरा झाला तो अर्धवट. टाच जमिनीला पुरती टेकायची नाही. पुढच्या वर्षी राहिलेल्या पाठासाठी पुन्हा फॉर्म भरायचा होता. अप्पांनी ऐकूनच घेतलं नाही. "जिला सोताचा पदर सांभाळता येत न्हाय, ती चाळीस पोरं काय सांभाळणार? बास झालं." अण्णानं वर्तमानपत्र तोंडासमोर धरलं.

पाय आड आला नव्हता. आड आलं होतं ते माझ्यासाठी बोललेलं खोटं.

मी गाडी पुसत होतो तेव्हा वहिनी आल्या. "भाऊजी, मामांना तेवढं सांगा की. जाळी नव्हती म्हणून. मी पदर खोचला होता म्हणून. तुमी सांगितलं तर ऐकतील."

"सांगतो," मी म्हणालो.

खरंच सांगणार होतो. पहिल्या दिवशी दुकानात गिऱ्हाईक होतं. दुसऱ्या दिवशी अप्पांचा उपवास. मग अप्पांचं डोकं दुखत होतं, मग पाहुणे. वहिनी रोज जेवायला वाढताना माझ्याकडे एकदा बघायच्या आणि मी आमटी मागायचो. मी अप्पांना भीत होतो हे खरं, पण पुरतं खरं नाही. गाडी जाईल याला मी जास्त भीत होतो. तिच्यावर बसलं की पेठेतली माणसं वळून बघत, आणि त्या वयात मला त्यापेक्षा मोठं काही दिसत नव्हतं. एका बाईचं सगळं आयुष्य एका बाजूला आणि लोकांची मागे वळलेली मान दुसऱ्या बाजूला, आणि मी मान निवडली.

शेवटच्या तारखेला वहिनी सकाळीच तयार होऊन दारात उभ्या होत्या. वेणी घातलेली, हातात फॉर्म, अप्पांची सही सोडून सगळा भरलेला. अप्पा टोपी घालून दुकानाला निघाले. मी त्यांच्या समोर जाऊन उभा राहिलो.

"काय रे? काय पायजे?"

वहिनी ऐकत होत्या. अप्पा थांबले होते, चांगले थांबले होते. त्यांना घाई नव्हती. मला दिलेला वेळ भरपूर होता.

"काही नाही, अप्पा," मी म्हणालो. "गाडीला पेट्रोल टाकून आणतो."

अप्पा गेले. मी मान खाली घालून गाडीशी जाऊन उभा राहिलो, उगीच हँडल पुसायला लागलो. वहिनी पायरी उतरून जवळ आल्या. आता त्या काहीतरी बोलतील, रागावतील, निदान कानडीत तरी शिव्या देतील असं मला वाटलं. मला ते हवं होतं. त्यांनी फॉर्मची नीट घडी घातली, गाडीकडे वरपासून खालपर्यंत बघितलं आणि लहान भावाचं कौतुक करावं तशा आवाजात म्हणाल्या,

"राहू द्या, भाऊजी. गाडी मात्र लई चांगली ठेवलीय तुमी."

आणि भिंतीला हात लावत, टाच उचलत, त्या आत गेल्या.