अमेरिकेतल्या जावयाचं कूळ

मुलगी देताना कूळ पाहावं, यावर खातीपुऱ्यातल्या आमच्या शेजाऱ्यांची अढळ श्रद्धा होती. ऐंशीच्या दशकात त्यांच्या लेकीनं अमेरिकेत मुलगा पसंत केला, तेव्हापासून ते संध्याकाळी गच्चीवर डोळे मिटून त्याचे पूर्वज पुटपुटत बसायचे.

"स्कॉटलंडहून आयर्लंड, तिथून जहाजानं अमेरिका. जंगल तोडून घर बांधलं. मतलब, खानदानी माणसं. पण जहाजातून जो उतरला, त्याचा बाप कोण?"

ते कळेपर्यंत होकार अडला होता. आकाशातले पतंग उतरायचे, अंधार पडायचा, तरी हे समुद्रावरच असायचे.

थंडीत लेक आली. "बाबा, त्या बापाचं नाव सापडलं. आता होणाऱ्या सासूबाई आपल्या सात पिढ्या विचारताहेत."

ते बोटांवर मोजत आपल्या आजोबांच्या नावापर्यंत गेले आणि थांबले.

लग्नाची तारीख दुसऱ्याच दिवशी ठरली.