दुश्मनाच्या नावाचा रस्ता

चतुरामाय निवृत्त झाली त्या दिवशी तिच्याबरोबर तिची जागाही निवृत्त झाली. नवरा गेल्यावर रस्त्याच्या खात्यानं तिला त्याच्या जागी घेतलं होतं. झरीच्या फाट्यापासून आमच्या गावापर्यंतचे तीन किलोमीटर तिनं बावीस वर्षं सांभाळले. कडेची नाली उकरायची, पाणी तुंबू द्यायचं नाही, खड्डा वाटीएवढा असतानाच बुजवायचा. "रस्ता गाडीनं मरत न्हाई, पान्यानं मरतो," हे तिचं एकमेव तत्त्वज्ञान, आणि ते ती लग्नाच्या पंगतीतही ऐकवायची. तिच्यामागं कुणाला नेमलं नाही. आमची काळी जमीन पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि वरच्या रस्त्यालाही तेच शिकवते. चार वर्षांत रस्त्याची पार रया गेली.

निधी मागायला गेलं की एक कार्यालय म्हणायचं, हा रस्ता आता आमचा नाही. दुसरं म्हणायचं, अजून आमचा झालेला नाही. कधी दिवाळीला चार पाट्या खडी पडायची, ती पोळ्यापर्यंत शेजारच्या शेतात गेलेली असायची. शेवटी एसटी बंद झाली.

चतुरामायची नात वैष्णवी तेव्हा दहावीची परीक्षा देऊन बसली होती. तिला अकरावीला परभणीला जायचं होतं. तिचा बाप बालाजी म्हणाला, बस असली तर कॉलेज, नसली तर घर. पोरीनं वाद घातला नाही. पुस्तकं रद्दीत घालू का, एवढंच विचारलं. ते ऐकून चतुरामाय उठली, चपला घातल्या आणि आगारात जाऊन साहेबापुढं बसली. साहेब म्हणाला, पंधरा जूनला आमचे लोक रस्ता बघायला येतील, नीट दिसला तर गाडी सुरू.

एक मेच्या ग्रामसभेत ती बोलायला उभी राहिली. "देवळातल्या पंख्याला बापाचं नाव टाकता. बाकड्याला टाकता. भांड्याला तर टाकताच टाकता. मंग रस्त्याला टाका की. एका नावाला ईस हात रस्ता. एक ट्रॉली खडी द्या आन घरचं एक मानूस कामाला धाडा. डांबराचे पिंप पंचायत इकत घील."

माजी सरपंच भगवानराव खाकरले. भाषणाआधी ते नेहमी खाकरतात आणि लोक तेवढ्यात उठून जातात. "चतुरामाय, बापाचं नाव रस्त्यावर टाकायचं आन त्याच्यावरनं वाळूचा हायवा ट्रक न्यायचा का?"

सभा हसली. चतुरामायला हसणं सहन होत नाही. ती वैतागून म्हणाली, "मंग ज्याच्यावरनं हायवा जावा वाटतंय, त्याचं टाका."

सभा एकदम गप्प झाली. इतकी शांतता आमच्या गावात मयतीलाही नसते. मग मागच्या रांगेतून तात्यारावांनी हळूच विचारलं, "सख्ख्या भावाचं चालंल का?"

तिथून पुढं निधी कसा जमला हे मी डोळ्यांनी पाहिलं म्हणून सांगतो. बांधावरून कोर्टात गेलेले तात्याराव आणि त्यांचा भाऊ बन्सीधर, दोघांनी एकाच सकाळी एकमेकांच्या नावानं ट्रॉल्या आणल्या. केशरबाईनं ताडकळसच्या विहिणीचं नाव दिलं, कारण लेकीच्या लग्नात विहीण आमटीला नाव ठेवून गेली होती. विहिणीला बातमी लागली. तिनं ताडकळसहून दोन ट्रॉल्या धाडल्या आणि आपल्या नावाच्या दोन्ही बाजूंना केशरबाईचं नाव घालून घेतलं. परगावचा निधी आमच्या गावाला मिळाला तो हा असा पहिल्यांदाच.

नावं रंगवायचं काम शाळेतल्या सिद्धोधन गुरुजींकडं. त्यांचं अक्षर तालुक्यात एक नंबर. डांबर वाळलं की गुरुजी पिवळ्या रंगात नाव काढायचे आणि देणगीदार लगेच आपला ट्रॅक्टर त्यावरून दोनदा नेऊन खात्री करून घ्यायचा. चतुरामायनं एक नियमही घातला होता. नावाखाली खड्डा पडला तर नाव पुसायचं. त्यामुळं जो तो टोपलं घेऊन आपापल्या दुश्मनाची डागडुजी करायला लागला, नाल्याही उपसायला लागला. दर पाडव्याला रंग नवा द्यायचा, म्हणजे दर पाडव्याला नवी ट्रॉली. सरकारचा निधी मार्चला संपतो, भाऊबंदकीला मार्च नसतो, असं मी तेव्हा मोठ्या ऐटीत म्हणालो होतो.

माझी जीभ काळी. जूनच्या पहिल्या आठवड्यात भांडणं संपली.

रोज सकाळ-संध्याकाळ भावाच्या नावावरून ट्रॅक्टर नेल्यावर राग टिकून टिकून किती टिकणार? त्यात शेजारी शेजारी खडी पसरताना तात्याराव आणि बन्सीधर एकाच डब्यात जेवायला लागले. केशरबाई विहिणीला आमटी कशी करतात ते विचारून आली. आणि ओढ्याजवळचा साठ हात तुकडा, सगळ्यात वाईट, जिथं गाडी पोटापर्यंत बुडायची, तो तसाच राहिला. चतुरामाय दारोदार फिरली. लोक म्हणाले, "माय, आता कुनाशीच वाकडं न्हाई. तुमच्यामुळंच झालं समदं." वर चहा पाजला. आगाराचे लोक यायला आठ दिवस होते.

दुसऱ्या दिवशी चतुरामायचं डोकं फिरलं, असं गावाचं मत झालं. सकाळीच ती भगवानरावांच्या ओट्यावर गेली आणि चार माणसांत म्हणाली, "तुमच्या भाषनानं माझी म्हस आटली." तात्यारावांना म्हणाली, "तुमी भावासंगं जेवायलाव ते त्याच्या डब्यात अंडी असत्यात म्हनून." केशरबाईला सांगितलं की विहिणीचं खरं होतं, आमटी ती नव्हतीच, हात धुतलेलं पाणी होतं. सिद्धोधन गुरुजींच्या अक्षराला ती कोंबडीचा पाय म्हणाली, तेव्हा गुरुजी ब्रश ठेवून तासभर लिंबाखाली बसले. मी ओसरीवर गोष्ट लिहीत बसलो होतो. ती थांबली, कागदाकडं पाहिलं आणि म्हणाली, "तुमी लिवता ते रद्दीवालाबी तोलून घेत न्हाई." रात्री मी न जेवताच झोपलो. सकाळी मी ट्रॉली सांगितली.

गुरुजींकडं रांग लागली होती. सगळ्यांना एकच नाव हवं होतं. भगवानराव तर दोन ट्रॉल्या देत होते.

साठ हात तुकडा चार दिवसांत झाला. चतुरामाय कडेला उभी राहून पाण्याचा उतार कुठं काढायचा ते सांगत होती, आणि लोक तोंड फिरवून बरोबर तसंच करत होते. त्या चार दिवसांत तिला कुणी चहाला बोलावलं नाही. आयुष्यभर जिचा दिवस दहा दारांच्या दहा चहांवर गेला, ती बाई दुपारी एकटीच मैलाच्या दगडावर बसलेली मी पाहिली, आणि मला बरं वाटलं. हे कबूल करायला आज लाज वाटते.

रंगवायच्या दिवशी ती गुरुजींना म्हणाली, "मोठं काढा नाव. लय जनांनी मिळून दिलंय, समद्यांना पुरलं पायजे." म्हणताना तिचा आवाज कातर झाला. तेव्हा गुरुजींना तिचा डाव उमगला. त्यांनी कुणाला सांगू नका म्हणून फक्त मला सांगितलं, आणि मी गावाला सांगितलं.

आगाराचे लोक आले, रस्ता बघून गेले, आणि कॉलेजच्या पहिल्या दिवशी एसटी आली. मी परभणीच्या कचेरीत जायला बसलो. पुढं वैष्णवी, नव्या दप्तरासकट. मागं मांडीवर पिशवी घेऊन भगवानराव, मग तात्याराव, बन्सीधर, केशरबाई. चतुरामाय ओढ्याजवळ फावडं घेऊन उभी होती. नाली तुंबली नाही ना, ते बघायला आलेय, असं तिनं कुणी न विचारताच ड्रायव्हरला सांगितलं.

गाडी साठ हातांवर आली. चतुरामायचं नाव एवढं मोठं की खिडकीतून एकेक अक्षर सरकताना दिसत होतं. वैष्णवीनं हळूच दोन्ही पाय उचलले आणि सीटवर घेतले. आजीच्या नावावरून पाय टेकवून कसं जायचं? भगवानरावांनी ते पाहिलं. त्यांनी पिशवी छातीशी धरली, पोट सावरलं आणि पाय उचलले. मग तात्यारावांनी, बन्सीधरनं, केशरबाईनं. मीही उचलले. सबंध गाडी अधांतरी बसून ओढा ओलांडत होती. कंडक्टर तिकिटं द्यायची थांबून आमच्याकडं बघत राहिला.

बाहेर चतुरामायला यातलं काही दिसलं नाही. ती नाली उकरत होती.