बॉनेटवरचं कुंकू

"अहो, माझं वॅक्स कुठे गेलं?" आमचे शेजारी सामंत पार्किंगमधून असे ओरडले, की चौथ्या मजल्यावर माझ्या चहावरची साय फाटली.

दसऱ्याच्या पूजेत सामंतवहिनींनी गाडीच्या बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक काढलं होतं. त्याचा डाग जाईना, म्हणून सामंतांनी गाडी घासायची क्ले, म्हणजे रबरासारखी चिकट माती, आणून सकाळपासून अख्खी गाडी रगडली. मी खाली गेलो, तर त्यांनी तो गोळा थेट माझ्या नाकाखाली धरला; ढकलायला गेलो, तर माझी बोटं त्यात रुतली. शी! धूर, डांबर, कबुतरांची कृपा आणि देवाचं कुंकू एकत्र मळलेला तो लगदा पाहून माझी पुढच्या तीन दिवाळ्यांच्या फराळावरची वासना उडाली.

गाडी मात्र लोण्यासारखी गुळगुळीत झाली होती. त्यांनी मला दाखवायला पुन्हा पाणी मारलं. कालपर्यंत थेंबाथेंबांनी घरंगळणारं पाणी आज आळशी पाहुण्यासारखं पसरून बसलं. रंगाला कवच म्हणून गेल्याच रविवारी दिवसभर खपून लावलेलं वॅक्स मातीबरोबर निघून आलं होतं, आणि उद्या गाडी कोकणात, खाऱ्या वाऱ्यात न्यायची होती.

मला वाटलं, किळस आली की माणूस घासतच सुटतो. मीही आयुष्यातून घासून काढलीच आहेत काही माणसं, काही आठवणी. घासणाऱ्या हाताला घाण कुठली आणि कवच कुठलं, हे कळतच नाही. तो गोळा अजून सामंतांच्या मुठीत होता, आणि आता त्यावर माझ्याही बोटांचे ठसे होते.

"आता काय करू गं?" सामंतांनी वर पाहून विचारलं.

वहिनी गॅलरीतून म्हणाल्या, "परत लावा वॅक्स. स्वस्तिक मी उद्या निघताना काढेन."