विनयाबाईंचा डावा पाय

विनयाबाई अमोलिक म्हाताऱ्या माणसांच्या ज्या रेस्ट होममध्ये काम करत, तिथे पाय लपवायची कुणाची टाप नव्हती. सकाळचा चहा फिरायच्या आत बाई कोमट पाण्याचा टब, टॉवेल आणि छोटी टॉर्च घेऊन खोलीत शिरत आणि 'मोजे काढा' म्हणून फर्मान सोडत. मग टॉर्चचा झोत बोटांच्या बेचक्यात, टाचेच्या भेगांत आणि शेवटी तळव्यावर. ज्याला डायबेटिस त्याची तपासणी दुप्पट. पायाला डोळे नसतात, म्हणून आपले लावायचे, हे वाक्य त्यांनी नगरच्या मिशन दवाखान्यात चोवीस वर्षं नर्स म्हणून ऐकवलं होतं. ख्राइस्टचर्चच्या हॉर्नबी उपनगरात येऊन त्याचं इंग्रजी झालं, आवाजातली जरब मात्र तीच राहिली.

त्यांचं सगळ्यात जास्त वाजे ते जोनबाईंशी. जोनबाई त्र्याऐंशी वर्षांच्या, जन्म मेंढ्यांच्या फार्मवर गेलेला, हाडं काटक आणि जीभ त्याहून काटक. पायाला जखम झाली की दोन मोजे चढवून बसायच्या.

"जोन, दोन मोजे म्हणजे काहीतरी लपवलंय," बाई म्हणायच्या.

"थंडी आहे, विनया."

"जानेवारीत? भर उन्हाळ्यात?"

मग मोजे निघायचे, जखम सापडायची, आणि बाई जोनबाईंना अशा झापायच्या की शेजारच्या खोलीतले आजोबा आपणहून मोजे काढून बसत. रविवारी मात्र याच दोघी एका गाडीतून देवळात जात. चर्चला देऊळ म्हणायची नगरच्या ख्रिस्ती माणसांची जुनी सवय. बाईंनी ती विमानातून सोबत आणली होती.

सवयी आणखीही आणल्या होत्या. देवळाच्या दारात चपला काढायच्या, ही त्यातली एक. इथे लोक बुटांसह आत येत, उन्हाळ्यात तर जॅंडल्स, म्हणजे रबरी चपला, फटफटवत येत, आणि पास्टर ग्रॅहम स्वतः शॉर्ट्समध्ये दारात उभे राहून 'किया ओरा, विनया' असं तिथल्या रीतीने स्वागत करत. बाईंना ते ऐकून दरवेळी संकोच व्हायचा. नगरला पाळकसाहेब आले की अख्खी मंडळी उठून उभी राहते. तिथे पाळकाला नावाने हाक मारणारा जन्माला यायचा होता. बाई ग्रॅहमना 'पास्टरसाहेब'च म्हणत, आणि दारातल्या मॅटच्या कडेला आपले बूट नीट जोडीने ठेवत. पाच वर्षांत कुणीही त्यांना हसलं नाही. दोन-तीन म्हाताऱ्या तर बघून बघून बूट काढायला लागल्या.

आता २००६च्या त्या एप्रिलबद्दल सांगायचं, तर ते बाईंच्या आयुष्यातलं सोन्याचं पान ठरणार होतं. नवरा, शिरीष, गेल्यावर लेक स्नेहलने त्यांना ख्राइस्टचर्चला बोलावून घेतलं होतं. इथे आल्यावर कळलं की चोवीस वर्षं नोकरी केलेली नर्स इथे नर्स धरलीच जात नाही. मग केअरगिव्हर म्हणून काम धरलं, आणि रात्रपाळ्या सांभाळत इंग्रजीची परीक्षा दिली. एकदा नापास, दोनदा नापास. तिसऱ्यांदा निकालाचं पाकीट त्यांनी नातीकडून, सहा वर्षांच्या श्रियाकडून, उघडवून घेतलं होतं. पुढे कोर्स झाला, रजिस्ट्रेशन आलं, आणि त्याच रेस्ट होमने त्यांना नर्स म्हणून नेमलं. ईस्टरनंतरच्या मंगळवारी, अठरा तारखेला, रुजू व्हायचं होतं. बावन्नाव्या वर्षी बाईंनी निळा गणवेश दोनदा इस्त्री करून कपाटात टांगला.

आणि एप्रिलच्या पहिल्या रविवारी देवळात ती पिन टोचली.

झालं असं, की उपासनेनंतर बाई मुलांनी काढलेली चित्रं भिंतीवरच्या बोर्डावर लावत होत्या. येशू समुद्रावर चालतोय, येशू मुलांना मांडीवर घेतोय, एका चित्रात तर येशूच्या हातात रग्बीचा बॉल होता. बाई स्टुलावरून खाली-वर करत होत्या, पायांत नुसते मोजे. संध्याकाळी घरी मोजा काढला, तर डाव्या पायाच्या चवड्याखाली एक पिन गच्च रुतून बसलेली. पितळी डोकं तळव्याशी सपाट.

दुसरं कुणी असतं तर रक्त बघून घाबरलं असतं. बाई घाबरल्या त्या दुखलं नाही म्हणून. सात तास ती पिन घेऊन त्या हिंडल्या होत्या, जेवण वाढलं होतं, गाडी चालवली होती, आणि पायाने चकार शब्द काढला नव्हता. आपल्याला नऊ वर्षं साखर आहे, हे त्यांना ठाऊक होतं. पायाची संवेदना जाते म्हणजे काय होतं, हे तर त्यांनीच शेकडो लोकांना शिकवलं होतं. त्यांनी पिन काढली, जखम धुतली, पट्टी लावली आणि मोजा चढवला. मग थोडं थांबून वरून दुसराही चढवला.

लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण! पण त्यांचा हिशोब सरळ होता. डॉक्टरकडे गेलं की डॉक्टर म्हणणार, पाय टेकवू नका. पाय टेकवायचा नाही तर अठरा तारखेला रुजू कसं व्हायचं? पहिल्याच दिवशी आजारी पडणारी, साखरेने पाय बधिर झालेली नर्स कोण ठेवून घेईल? पाच वर्षांची मेहनत एका पिनेपायी पाण्यात. एकदा रुजू होऊ, मग बघू.

दहा दिवस असे गेले. चवड्याखाली ओल यायला लागली. बाई बाथरूमचं दार लावून पट्टी बदलत. बुधवारी संध्याकाळी टीव्हीसमोर बसल्या असताना श्रिया म्हणाली, "आजी, युअर सॉक इज वेट."

"पाणी सांडलं गं मघाशी."

श्रियाने वाकून हुंगलं. "इट स्मेल्स यकी."

"जा, दात घास," बाई म्हणाल्या, आणि स्नेहल स्वयंपाकघरातून यायच्या आत पाय सोफ्याखाली सरकवला. त्याच क्षणी त्यांना शिरीष आठवले. ड्रॉइंगमास्तर शिरीष, ज्यांनी असाच अंगठ्याचा फोड बायकोपासून, एका नर्सपासून, तीन आठवडे लपवला होता. आधी अंगठा गेला, मग पाऊल, मग माणूस. तुला त्रास नको म्हणून नाही सांगितलं, असं ते म्हणाले होते. बाई त्यांच्यावर इतक्या चिडल्या होत्या की तो राग त्यांच्या जाण्यानंतरही ओसरला नव्हता. आता आपण तेच करतोय, हे त्यांना लख्ख दिसलं. दिसलं, आणि तरी त्यांनी पाय सोफ्याखालून बाहेर काढला नाही.

दुसऱ्या दिवशी पवित्र गुरुवार. प्रभू येशूने शेवटच्या भोजनाआधी कमरेला टॉवेल बांधून शिष्यांचे पाय धुतले, त्याची आठवण म्हणून त्या छोट्या मंडळीत दरवर्षी पाय धुण्याची उपासना असे. म्हातारी माणसं जास्त, म्हणून साडेपाचलाच. आजवर ग्रॅहम सगळ्यांचे पाय धुवायचे आणि बाई मागच्या बाकावर बसून कौतुकाने बघायच्या. पाळकसाहेबांपुढे आपले पाय करायचे? नगरला कळलं तर लोक काय म्हणतील! पण या वर्षी ग्रॅहमची पाठ धरली होती. त्यांनी टोपलीत सगळ्यांच्या नावांच्या चिठ्ठ्या टाकल्या. ज्याने ज्याचं नाव उचललं, त्याने त्याचे पाय धुवायचे.

जोनबाईंनी चिठ्ठी उचलली, चष्मा लावला आणि मोठ्याने हसल्या. "विनया!"

बाईंनी दोन्ही हात हलवले. "नको, नको. जोन, तुम्ही माझ्या आईच्या वयाच्या. तुम्ही माझ्या पायाला हात लावायचा म्हणजे... आमच्यात नाही चालत असं."

"पेत्रही हेच म्हणाला होता," ग्रॅहम हसत म्हणाले.

आता या शिष्याची, पेत्राची, गोष्ट बाईंच्या अगदी हातखंड्यातली. नगरला शब्बाथ शाळेत, म्हणजे मुलांच्या रविवारच्या वर्गात, त्यांनी ती पंचवीस वेळा तरी सांगितली असेल. प्रभू टॉवेल घेऊन पेत्रापुढे येतो, पेत्र पाय आखडून घेतो, माझे पाय तू धुवायचेस नाहीत म्हणतो. आणि प्रभू त्याला बजावतो की धुवू दिले नाहीस तर तुझं-माझं काही नातं उरत नाही. बाई मुलांना सांगत, पेत्र बघा किती नम्र! त्या दिवसापर्यंत त्यांना तसंच वाटत होतं.

सगळे थांबले होते. बाई खुर्चीवर बसल्या. इथली रीत एकच पाय धुवायची, हे त्यांना माहीत होतं, म्हणून त्यांनी झटकन उजवा पाय पुढे केला. त्या तर दरवर्षीच, धुवून घ्यायचे नसले तरी, घरून पाय घासून, नखं कापून, क्रीम लावून आल्या होत्या. पाय धुवायच्या उपासनेला पाय धुऊन जाणारी मंडळी जगात दुसरीकडे सापडायची नाही.

जोनबाई कुशनवर गुडघे टेकून बसल्या. त्यांना तसं बसायला दोन माणसांचा आधार लागला. त्यांनी उजवा पाय पाण्यात घेतला आणि सावकाश धुतला. मग बोटं एकेक करून फाकवली, बेचक्या बघितल्या, टाच दाबली आणि पाय वर उचलून तळवा उजेडात धरला. मागच्या बाकावरच्या बायका हसायला लागल्या. अगदी विनयाचीच नक्कल होती ती. बाईंनाही हसू आलं.

पाय पुसून जोनबाई म्हणाल्या, "आता दुसरा."

"एकच असतो, जोन."

"माझे तू रोज दोन्ही बघतेस." जोनबाईंनी खुर्चीखाली वाकून बघितलं. डावा पाय पार मागे ओढलेला होता, आणि त्यावर दोन मोजे. त्यांनी मान वर केली. हसू मावळलं होतं. हलक्या आवाजात, फक्त बाईंनाच ऐकू जाईल असं त्या म्हणाल्या, "विनया, साठ वर्षं मेंढ्यांचे खूर बघितलेत मी. मेंढी जो पाय पुढे करत नाही, तोच उचलून बघायचा असतो."

 बाईंना वाटलं, उठावं, गाडीची किल्ली घ्यावी आणि निघावं. मंगळवारला पाचच दिवस उरले होते. निळा गणवेश कपाटात होता. पण समोर एक त्र्याऐंशी वर्षांची बाई गुडघ्यांवर बसली होती, हातात टॉवेल घेऊन, आणि उठायचं नाव काढत नव्हती. पेत्र नम्र नव्हताच, बाईंच्या मनात आलं. पेत्राला लाज वाटली होती. दुसऱ्यांचे पाय धुवायला आपल्याला कधी जड गेलं नाही. त्यात आपण वर असतो आणि टॉर्च आपल्या हातात असते. प्रभूने त्या रात्री बारा जणांना काय शिकवलं असेल ते असेल, पण पाय धुवायच्या आधी त्याने त्यांना पाय पुढे करायला लावले होते. आणि शिरीषवर आपण इतकी वर्षं रागावलो, त्यांनी तरी दुसरं काय केलं होतं? त्यांनाही लाजच वाटली होती.

त्यांनी स्वतः वाकून वरचा मोजा काढला. मग आतला. मग पट्टी. आणि डावा पाय उचलून पाण्यात ठेवला.

पाणी गढूळलं.  जोनबाईंनी पाय वर घेतला आणि तळवा उजेडात धरून बघितला.

"किती दिवस झाले?"

"अकरा."

"दुखतंय?"

"नाही," बाई म्हणाल्या, आणि त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं. "दुखत नाही, जोन."

"फीट हॅव नो आइज," जोनबाई म्हणाल्या. त्यांनी पाय मऊ हाताने पुसला आणि टॉवेलात गुंडाळून आपल्या मांडीवर धरून ठेवला. मग मान वळवून सगळ्या मंडळीला ऐकू जाईल अशा आवाजात ओरडल्या, "ग्रॅहम! पाठ राहू दे, गाडी काढ!"

त्या वर्षी बाईंचा ईस्टर हॉस्पिटलात झाला. सलाइनमधून औषध चाललं. जखम हाडापर्यंत पोचलेली नव्हती. आणखी आठवडा गेला असता तर पोचली असती, असं डॉक्टर म्हणाले. स्नेहल दोन दिवस आईशी बोलली नाही, नुसती उशाशी बसून राहिली. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "बाबांसारखं करणार होतीस ना तू?"

"हो," बाई म्हणाल्या. "चुकलं माझं." स्नेहलने आईच्या तोंडून हे दोन शब्द आजवर ऐकले नव्हते, म्हणून पुढचं सगळं भांडण तिने सोडून दिलं.

सोमवारी बाईंनी मन घट्ट करून रेस्ट होमच्या मॅनेजरबाईंना फोन लावला, पायाचं आणि साखरेचं सगळं सांगून टाकलं. पलीकडून उत्तर आलं, "अगं, मग चार आठवड्यांनी ये! स्वीट ॲज, काही हरकत नाही." ज्या गोष्टीसाठी अकरा दिवस पाय सडवला, ती एका मिनिटात मिटली. फोन ठेवल्यावर बाईंना स्वतःचा इतका राग आला की त्यांनी हॉस्पिटलची मिळमिळीत जेलीसुद्धा रागारागाने संपवली.

मेच्या मधल्या मंगळवारी, निळा गणवेश आणि डॉक्टरांनी दिलेले जाड तळव्याचे बूट घालून, विनया अमोलिक, रजिस्टर्ड नर्स, टब आणि टॉर्च घेऊन जोनबाईंच्या खोलीत शिरल्या. पावलं ठाम पडत होती आणि आवाज पूर्वीचाच होता.

"जोन, मोजे!"

जोनबाई खिडकीशी खुर्चीत बसल्या होत्या. मोजे पायांतच. त्यांनी पलंगाच्या कडेकडे बोट दाखवलं.

"बस तिथे," त्या म्हणाल्या. "आधी तुझे. दोन्ही."

बाई बसल्या, आणि त्यांनी डावा पाय पुढे केला.